नाव आणि संख्या



दोन नोव्हेंबरला आम्ही कॅथलिक लोक कबरस्तानात जातो, आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करतो. पितृपक्षात तर्पण करतानाही नाव व गोत्र उच्चारावे लागते. मृतांचे स्मरण नावानेच व्हावयाचे, ही भावना दोहींकडे सारखीच. मग आपले जे शिपाई परमुलखात पडले, त्यांच्या नावांचे काय झाले?

बेळगावास १९२२ पासून मराठा पायदळाचे केंद्र आहे. तेथील युद्धस्मारक शर्कतच्या नावाने ओळखले जाते. शर्कत हे इराकातील तैग्रिस नदीकाठचे ठाणे. ऑक्टोबर १९१८ मध्ये ११४ व्या मराठा पलटणीने तेथे मोठा पराक्रम केला. तत्पूर्वी त्याच नदीकाठी कूट येथे १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली. पुढे कैदेच्या खडतर वाटचालीत कित्येकांनी प्राण सोडले.

या मोहिमेत मृत्यू पावलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या! मरण सर्वांना सारखेच आले, दगडावरची जागा तेवढी सारखी मिळाली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भेद पुष्कळसा मिटला. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतील सारे सहकारी पडले असता, एकट्याने जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली व ते जिंकून तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ठाऊक नाही. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. जवळच कायरा येथे वीस हजारांहून अधिक जर्मन सैनिकांचे कबरस्तान आहे. पराभूत शत्रूच्या शिपायांनाही तेथे दगडावर नाव लाभले. कूटच्या आपल्या शिपायाला ते बसऱ्यास लाभले नाही.

युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली या पक्षपाताची कबुली देऊन क्षमा मागितली. ते योग्यच झाले. परंतु दक्षिण महाराष्ट्रात व कोकणात अनेक गावी पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. तेथेही पुन्हा संख्याच.

ही उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे. बेळगाव-निपाणीकडील शाळांतील मुलांनी आपापल्या गावातील वृद्धांना विचारावे, घरातील जुनी पदके व पेन्शनचे कागद पाहावेत आणि सापडेल ते नाव वहीत टिपून ठेवावे. बसऱ्याच्या दगडापर्यंत आपला हात पोचणार नाही. पण गावच्या शिळेपाशी उभे राहून ही नावे मोठ्याने वाचता येतील.