ग्वाल्हेर : एकट्याचं

तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर झाली आणि मी ग्वाल्हेरचा बेत आखला, एकट्याचा. "गाणं ऐकायला एवढ्या लांब?" ही म्हणाली.

आता हिला काय सांगावं? राजा मानसिंह तोमरांनी (१४८६-१५१६) तिथे ध्रुपदाला आश्रय दिला. तानसेनाची कबर तिथलीच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली ती तिथलीच ख्यालगायकी. २०२३ साली युनेस्कोनेही त्याला 'संगीताचं शहर' ठरवलं.

कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणे. वडील आजारी पडले, मी बँकेत चिकटलो, तंबोरा माळ्यावर गेला. बावीस वर्षांची थकबाकी पाल्याने फिटत नाही, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना कळतं. पण निदान व्याज तरी?

निघताना डबा देत ही म्हणाली, "पाला भरपूर खा. नंतर ऐकायचं मलाच आहे!"