ससाण्यांचे घर, घोड्यांची पागा

राजवाड्याचा इतिहास सांगताना दरबार-महाल, राणीवसा आणि उद्याने यांची वर्णने सविस्तर येतात. पागेकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः मोटार अवतरण्यापूर्वी राजसत्तेचा वेग पागेत होता आणि तिचा थाट गाडीखान्यात. त्यामुळे या वास्तूंची बांधणीही महालाइतकीच विचारपूर्वक होत असे. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याची पागा, म्हणजेच ‘रॉयल म्यूज’, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय.

‘म्यूज’ या शब्दाचा मुळात घोड्यांशी संबंध नाही. शिकारी ससाण्यांची पिसे झडण्याच्या काळात त्यांना बंदिस्त ठेवण्याची जागा, असा त्याचा अर्थ. इंग्लंडच्या राजांचे ससाणे चेअरिंग क्रॉस येथे ठेवले जात. १५३४ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, ती इमारत आगीत जळाली. त्या जागी पुढे पागा उभी राहिली, पण नाव जुनेच राहिले. १७३२ साली विल्यम केंट या वास्तुकाराने तेथील मुख्य पागा नव्याने बांधली. एकोणिसाव्या शतकात तीही गेली. आज त्या परिसरात ट्रॅफल्गार चौक आणि राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे.

दरम्यान तिसऱ्या जॉर्जने बकिंगहॅम हाउस विकत घेतले होते. १७६० च्या दशकात सर विल्यम चेंबर्स यांच्या आराखड्यानुसार तेथे घोडे फिरवण्याची प्रशस्त, छप्पर असलेली शाळा उभी राहिली. पुढे चौथ्या जॉर्जच्या आज्ञेने जॉन नॅश यांनी १८२५ साली चौकाभोवती पागा आणि गाडीखाने अशी आजची रचना पूर्ण केली. प्रवेशाला डोरिक पद्धतीची कमान आणि तिच्यावर घड्याळाचा मनोरा. हे घड्याळ केवळ शोभेचे नव्हे. दाणा, खरारा, जुंपणी ही सारी कामे ठरल्या वेळी व्हावी लागत.

पागेच्या वास्तुरचनेचे माप घोड्याचे असते, माणसाचे नव्हे. छत उंच हवे, म्हणजे श्वासांची ऊब आणि दर्प वर निघून जातो. खिडक्याही उंचावर, म्हणजे वाऱ्याचा झोत घोड्याच्या अंगावर येत नाही आणि प्रखर उजेड डोळ्यांवर पडत नाही. फरशी घट्ट, पण खुरांना पकड देणारी, आणि पाणी वाहून जावे म्हणून किंचित उताराची. गाडीखान्याची गरज याहून निराळी. त्याला रुंद दरवाजे आणि कोरडी हवा लागते. घोड्यांच्या मूत्रातून सुटणाऱ्या अमोनिया वायूने गाडीचे रोगण आणि चामडे खराब होते. म्हणून ज्याने गाडी ओढायची त्याला आणि गाडीला शेजारी, परंतु भिंतीआड ठेवण्याची पद्धत पडली.

या गाडीखान्यातील सर्वांत प्रसिद्ध वाहन म्हणजे १७६२ साली तयार झालेली सोनेरी राजगाडी. तिचे वजन सुमारे चार टन. आठ घोडे जुंपले तरी ती चालते पावलाच्या गतीने. २०२३ साली राज्याभिषेकानंतर तिसरे चार्ल्स याच गाडीतून वेस्टमिन्स्टर ॲबीहून राजवाड्यात परतले.

परंतु पागेचा खरा इतिहास तिच्या माणसांचा आहे. गाडीवान आणि मोतद्दार यांची बिऱ्हाडे पागेच्या आवारातच असत. राणी व्हिक्टोरियाच्या काळात येथे सुमारे २०० घोडे होते, आणि सेवकांच्या मुलांसाठी १८५५ साली तेथेच शाळा निघाली. लंडनमधील श्रीमंतांच्या घरांमागेही अशाच गल्ल्या होत्या : खाली घोडे व गाडी, वर गाडीवानाचे कुटुंब. मोटारी आल्यावर घोडे गेले आणि खालच्या मजल्यावर मोटारी आल्या. पुढे तेथे माणसेच राहू लागली. आज या ‘म्यूज’ गल्ल्यांतील घरांना मोठी मागणी असते. मोतद्दाराच्या माडीचे हे भाग्य त्या मोतद्दाराने कल्पिलेही नसेल.

नाव टिकते आणि रहिवासी बदलतात, याचा दाखला आपल्या पुण्यातही आहे. पेशव्यांच्या खासगी घोड्यांची ‘हुजूरपागा’ ज्या जागी होती, तेथे १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा नांदली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी उभारलेल्या या शाळेला लोक हुजूरपागा याच नावाने ओळखतात. दिल्लीत राष्ट्रपतिभवनाच्या जुन्या पागेत २०१४ साली वस्तुसंग्रहालय सुरू झाले.

वास्तूचे मूळ प्रयोजन सरले की ती पाडणे सोपे असते. तिच्या अंगाला शोभेल असे नवे काम शोधणे अवघड. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी राजघराण्यांच्याही पागा आणि गाडीखाने होते, आणि त्या त्या नगरांत आपले मराठी बांधव आजही राहतात. अशा वास्तूंची मोजमापे, छायाचित्रे आणि तेथे राबलेल्या घराण्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाने ते हाती घेतल्यास पुढील पिढी त्याबद्दल निश्चित ऋणी राहील.