चोराच्या नजरेतलं घर

उज्जयिनीत मध्यरात्री एक चोर भिंतीपाशी उभा आहे. जातीने ब्राह्मण, नाव शर्विलक. भिंतीला भोक पाडायचं, पण कोणत्या आकाराचं? उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे पर्याय त्याला पाठ आहेत. भिंत पक्क्या विटांची, तेव्हा पूर्णकुंभच शोभेल असं तो ठरवतो. मापाची दोरी आणायची राहिली, म्हणून जानव्याने भिंत मोजतो. ब्राह्मणाला ही वस्तू किती कामांना येते, यावर स्वतःलाच एक छोटं प्रवचनही देतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा हा तिसरा अंक. देवलांच्या संगीत नाटकामुळे चारुदत्त-वसंतसेनेची जोडी मराठी प्रेक्षकाला घरची झाली. मला मात्र त्या प्रेमकथेइतकाच रस शर्विलक चारुदत्ताच्या घरात शिरल्यावर काय होतं यात आहे. वस्तूंवरून माणूस ओळखायची जी युक्ती पुढे कथा-कादंबऱ्यांनी झिजेपर्यंत वापरली, ती इथे पूर्ण अंगाने उभी आहे.

दिव्याच्या उजेडात त्याला दिसतात मृदंग, दर्दुर, पणव, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. हे नाट्याचार्याचं घर तर नव्हे, अशी त्याला शंका येते. बाहेरून वाड्याचा थाट पाहून शिरलो आणि आत हे! लगेच दुसरी शंका: हा खरोखर दरिद्री, की राजाच्या आणि चोरांच्या भीतीने याने धन पुरून ठेवलंय? तो जमिनीवर बी टाकून पाहतो. खाली धन असेल तर ते फुगायला हवं. ते फुगत नाही. म्हणजे खरंच काही नाही. बिचारा निघायच्याच बेतात असतो. पण झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय वसंतसेनेच्या दागिन्यांचं गाठोडं आपण होऊन त्याच्या हाती देतो.

या सगळ्या वेळात चारुदत्त झोपलेला आहे. तरी पैसा गेला आणि वीणा राहिली, एवढ्यावरून तो आपल्याला कळतो. बघणाराही कळतो. वाद्यं बघून ज्याच्या मनात पुरलेलं धन येतं, तो चोरच. शूद्रक एवढ्यावर थांबत नाही. जाग आल्यावर चारुदत्त ते भोक बघतो आणि आधी त्याच्या कारागिरीचं कौतुक करतो. मग त्याला वाईट वाटतं, की एवढी मेहनत करून बिचाऱ्याला इथे काय मिळालं असणार! चोराने घर वाचलं, मालकाने भोक वाचलं. दोघांची भेट न होता दोघांची ओळख झाली.

युक्तीचं मूळ याहून मागे जातं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने अथेन्समधल्या माणसांचे नमुने लिहिले. त्यातल्या एका मानाच्या भुकेल्या गृहस्थाने बैलाचा बळी दिला, की तो बैलाची कवटी दाराशी ठोकून हार घालतो. येणाऱ्याजाणाऱ्याला कळायला नको का? त्याचं माल्टाचं कुत्रं मरतं, तेव्हा तो त्याचं स्मारक बांधून वर लेख कोरतो. आपल्याकडे वात्स्यायनाने नागरकाची खोली कशी असावी याची यादीच दिली आहे: पांढऱ्या चादरीची शय्या, उशाशी चंदनाची उटी, विडे, खाली पिकदाणी, खुंटीला वीणा, चित्राची फळी आणि कोणतंतरी पुस्तक. यातलं ‘कोणतंतरी’ मला फार आवडतं. व्हिडिओ कॉलला बसताना पाठीमागे पुस्तकांचं कपाट येईल अशी खुर्ची ओढणाऱ्यांचा मूळपुरुष हाच. शर्विलकाची पंचाईतही इथूनच समजते. वीणा आणि पोथी रसिकाच्या घरी असायचीच, पण तिच्या जोडीला इतर थाटही असायचा. चारुदत्ताकडे थाट गेला आणि नेमकं हेच उरलं.

शर्विलकाला एक भाऊही आहे. केरळात सापडलेल्या आणि गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून छापलेल्या नाटकांत ‘चारुदत्त’ नावाचं चार अंकी नाटक आहे. त्यातल्या चोराचं नाव सज्जलक. ते नाटक भासाचं की नाही आणि दोघांत आधी कोण, हा वाद पंडितांचा.

मृच्छकटिकात वस्तू सतत वाचल्या जातात. चारुदत्ताच्या शेल्याला जाईचा वास येतो, तेवढ्यावरून वसंतसेना ओळखते की याचं मन अजून विरक्त झालेलं नाही. पुढे तिचा सेवक कर्णपूरक पिसाळलेल्या हत्तीपासून एका भिक्षूला वाचवतो. त्याला बक्षीस द्यायला एक माणूस सवयीने अंगावरचे दागिने चाचपतो, जागा रिकाम्या लागतात, तो सुस्कारा सोडतो आणि अंगावरचा शेला फेकतो. शेला हाती येताच तिला कळतं, तो कोण होता. आणि नवव्या अंकात तिचे दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात. न्यायाधीशांनाही वस्तूच दिसतात. पण तिच्या खुनाच्या खोट्या आरोपाच्या उजेडात त्यातून चारुदत्त खुनी ठरतो. वस्तू चुकीचीही वाचली जाते, हे इतक्या लवकर ओळखणाऱ्या नाटककाराला माझा दंडवत.

युरोपात एकोणिसाव्या शतकात या युक्तीला पूर आला. बाल्झॅकने ‘पेर गोरियो’मध्ये मादाम व्होकेची खाणावळ भिंती-टेबलांसकट उभी केली आणि बाई म्हणजेच खाणावळ असा हिशोब मांडला. दम आहे, पण मला त्यात लिलावाच्या यादीचा वास येतो. खरा शर्विलकाचा वंशज गोगोलने दिला. ‘मृत आत्मे’ (१८४२) मधला चिचिकोव हा मेलेल्या भूदासांची नावं विकत घेत फिरणारा लबाड. प्ल्यूश्किनच्या घरी त्याला कोळिष्टकांनी भरलेलं बंद घड्याळ दिसतं, सुकून सुपारीएवढं झालेलं लिंबू दिसतं, माशा पडलेला पेला दिसतो. कमरेला किल्ल्या लटकवलेली एक आकृती समोर येते. ही घरातली कारभारीण, असं तो धरून चालतो. तो निघतो खुद्द प्ल्यूश्किन, हजाराच्या वर भूदासांचा मालक.

डॉइलने होम्सच्या हाती वॉटसनचं घड्याळ (१८९०) आणि मग एक जुनी टोपी (१८९२) देऊन या चुकायच्या शक्यतेलाच चाप लावला. होम्स सहसा चुकत नाही, म्हणून वाचायला मजा येते; पण टोपीवाल्यापेक्षा लक्षात राहतो तो होम्सच.

१९२४ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने अर्नोल्ड बेनेटवर तोफ डागली. तिची तक्रार अशी, की बेनेटसारखे लेखक आपल्याला घर देतात, त्याचं भाडं सांगतात आणि माणूस तुम्हीच शोधा म्हणतात. तक्रार रास्त आहे. दोष मात्र घराचा नाही. बेनेटच्या त्या घरात कोणी शर्विलक शिरत नाही, ज्याला तिथून काही हवं आहे. आणि वुल्फने तरी वस्तू कुठे सोडल्या? पुढच्याच वर्षी ‘मिसेस डॅलोवे’मध्ये पीटर वॉल्श कित्येक वर्षांनी क्लॅरिसाला भेटायला येतो. ती आपला हिरवा पोशाख शिवत बसली आहे. तो बोलता बोलता खिशातला चाकू काढून त्याच्याशी चाळा करू लागतो, आणि तिला वाटतं, अजून तस्साच आहे हा!