देडतलाईहून एम.ए., एम.कॉम.ला जायचं कुठं? आधी दाखला बघा

देडतलाई : पदवीचा निकाल हाती आला की आपल्याकडं एकच चर्चा असते, पुढं इंदूर की अमरावती? बुऱ्हाणपूरहून रेल्वेनं भुसावळमार्गे जळगावही सोयीचं. धारणी तर हद्दीपलीकडं लगेच. भाषा आपली, सोयरे तिकडचे. म्हणून बरीच पोरं महाराष्ट्राचा फॉर्म भरून मोकळी होतात आणि जातीच्या दाखल्यावर अडतात.

कोरकू समाज दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातीतच आहे. तरी मध्य प्रदेशात निघालेला दाखला महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणात चालत नाही. तिथं अर्ज खुल्या किंवा परराज्य गटात धरला जातो. हा काही बाबूचा आडमुठेपणा नव्हे. आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याच्या मेडिकल प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच (मर्री चंद्रशेखर राव प्रकरण) सांगितलं की राज्याचं आरक्षण मूळ राज्यापुरतंच. अनुसूचित जातीलाही हेच लागू. म्हणजे राखीव जागेवर भिस्त असेल तर इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ किंवा राज्यातलंच दुसरं कॉलेज आधी बघावं.

केंद्रीय विद्यापीठांचं मात्र वेगळं. सागरचं डॉ. हरिसिंह गौर, अमरकंटकचं इंदिरा गांधी जनजातीय, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ, इथं केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि राज्याची हद्द आड येत नाही. केंद्रीय विद्यापीठांत बरेचसे प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतात. तिचे फॉर्म पदवीच्या शेवटच्या वर्षातच निघतात, निकालाची वाट बघत बसलं तर संधी गेली. आपल्याकडं नेमकं इथंच चुकतं.

पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मूळ राज्य देतं, शिक्षण बाहेर असलं तरी. त्यामुळं मध्य प्रदेशच्या पोर्टलवर ते कॉलेज आणि कोर्स दिसतो का, हे फी भरण्याआधी विचारा.

विद्यापीठ बदललं की मायग्रेशन लागतं. मार्कशीटवर ज्या विद्यापीठाचं नाव, तिथूनच. अर्ज लवकर टाका. माझं स्वतःचं एम.कॉम. याच एका कागदापायी वर्षभर लांबलं होतं. तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए., एम.कॉम. दोन वर्षांचं, चार वर्षांची केली असेल तर एक वर्षाचंही चालतं, पण ते प्रत्येक कॉलेजात नसतं.

नॅक ग्रेड बघाच, पण ती अख्ख्या कॉलेजची असते. तुमच्या विषयाला कायम प्राध्यापक किती, हे तिथल्या शिकत्या पोरांना विचारलं तर खरं कळेल. हरिसाल-सेमाडोह-परतवाडा घाटानं अमरावतीला जाणाऱ्यांनी होस्टेलचंही त्याच फेरीत विचारून यावं.