हंस : शब्दाची साक्ष आणि हाडाची साक्ष

१

शब्दांच्या आधारे इतिहास सांगण्याचा मोह भाषाशास्त्राला त्याच्या आरंभापासून आहे. जिनिव्हाचे पंडित आदोल्फ पिक्ते यांनी १८५९ मध्ये आपल्या इंडो-युरोपीय मूळस्थानविषयक ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि आपल्या पद्धतीला 'भाषिक जीवाश्मविद्या' असे नाव दिले. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याप्रमाणे खडकातील हाडांवरून लुप्त प्राण्यांची कल्पना करतो, त्याप्रमाणे भाषाशास्त्रज्ञाने शब्दांवरून लुप्त समाजाची कल्पना करावी, असा त्यांचा आशय होता. एखादा शब्द अनेक भगिनीभाषांत नियमानुसार आढळला, तर तो मूळ भाषेत होता. आणि शब्द होता, त्या अर्थी ती वस्तूही त्या लोकांना परिचित होती, अशी ही विचारसरणी आहे.

या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना 'हंस' हा शब्द फार सोयीचा वाटत आला आहे. संस्कृत हंस, ग्रीक खेन, लॅटिन आन्सेर, जर्मन गान्स, इंग्रजी गूस, लिथुआनियन झांसिस आणि प्राचीन स्लाव्ह गोंसि हे सर्व शब्द एकाच मूळ रूपापासून निघालेले आहेत, याविषयी मतभेद नाही. मुळातील महाप्राण तालव्य व्यंजनाचा संस्कृतात ह झाला, जर्मानिक शाखेत ग झाला आणि लिथुआनियनमध्ये झ झाला. लॅटिनमध्ये अपेक्षित असलेला आरंभीचा ह् लुप्त झाला. इंग्रजीत स् च्या आधीचा न् गळून मागचा स्वर दीर्घ झाला. ध्वनिनियमांचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. यावरून मूळ इंडो-युरोपीय लोक हंस पाळीत होते, असे विधान काही जुन्या ग्रंथांतून केलेले आढळते.

प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे. शब्दाने जे सांगितले आहे त्यापेक्षा अधिक आपण त्याच्या तोंडी घालीत तर नाही ना, हा येथील प्रश्न आहे. ज्या हाडांची उपमा पिक्ते यांनी उसनी घेतली, त्या हाडांकडेच या प्रसंगी वळणे इष्ट होईल.

२

प्रथम शब्दाची मर्यादा पाहू. वर दिलेला शब्द एका पक्ष्याचे नाव आहे. तो पक्षी आकाशात होता की अंगणात, हे तो शब्द सांगत नाही. इतकेच नव्हे, तर कोणता पक्षी, हेही तो निश्चयाने सांगत नाही. प्राचीन आयरिशमध्ये याच धातूचा 'गेश' हा शब्द अधिक लांब मानेच्या, वेगळ्या जातीच्या जलपक्ष्याला, म्हणजे युरोपीय 'स्वान'ला, लावलेला आढळतो. आपल्याकडील 'हंस' या शब्दाचे भाषांतर अनेक पाश्चात्त्य पंडितांनी 'स्वान' असेच केले. डच विद्वान फोगेल यांनी भारतीय वाङ्मयातील व कलेतील हंसावर स्वतंत्र ग्रंथ (प्रकाशन १९६२) लिहून, प्राचीन भारतीयांचा हंस हा बव्हंशी इंग्रजीतील 'गूस' म्हणजे 'आन्सेर' कुलातील पक्षीच होय, असे प्रतिपादन केले.

तथापि शब्दाजवळ काही खरी माहिती असते, हेही मान्य केले पाहिजे. अमरकोशात हंसाच्या पर्यायांत 'मानसौकस्' हा शब्द दिला आहे. मानस सरोवर हे ज्याचे घर आहे तो, असा त्याचा अर्थ. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला जो हंस हिवाळ्यात आपल्याकडे जायकवाडीच्या व उजनीच्या जलाशयांवर उतरतो, तो तिबेट व मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यापुरता दक्षिणेस येतो. पाहुणा कोण आणि त्याचे घर कोठे, हे त्या एका सामासिक शब्दाने अचूक नोंदवून ठेवले आहे. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व वाचकांच्या ध्यानात येईल.

३

आता हाडाकडे वळू. हंसाचे पिलू सुमारे २८ ते ३० दिवसांच्या उबवणीनंतर अंड्यातून बाहेर येते. पाळीव जातींत त्या वेळी त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. दहा आठवड्यांत ते जातीनुसार ४ ते ५ किलोपर्यंत पोचते. इतक्या अल्प काळात शरीर चाळीस-पन्नास पट वाढावयाचे, तर सांगाड्याची वाढ विलक्षण वेगाने झाली पाहिजे, हे उघड आहे.

ही वाढ सर्व अवयवांत एकाच वेळी होत नाही. पिलू पहिल्याच दिवशी चालू लागते, पोहू लागते आणि आईबापांच्या मागोमाग जाऊन स्वतः चरते. म्हणून पायांची हाडे प्रथम वाढतात. नडगीचे हाड आणि त्याखालील पायाचे हाड सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ पूर्ण लांबीस येते. पंखांची हाडे आरंभी मागे राहतात व नंतर झपाट्याने वाढतात. रानटी हंसाचे पिलू साधारणतः आठव्या-नवव्या आठवड्यात उडू लागते. छातीच्या हाडाचा कणा तर त्याहूनही उशिरा पक्का होतो.

सस्तन प्राण्यांत लांब हाडांच्या टोकांशी अस्थिभवनाची स्वतंत्र केंद्रे असतात. ती मुख्य हाडाशी जोडली गेली की नाही, यावरून वय ठरविता येते. पक्ष्यांत सामान्यतः अशी रचना नसते. तेथे हाडांची टोके प्रथम कूर्चेची असतात आणि हळूहळू कठीण होतात. वाढत्या हाडाचा पृष्ठभाग सच्छिद्र व खडबडीत असतो. वाढ पूर्ण झाल्यावर तो गुळगुळीत व घट्ट होतो. याचा अर्थ असा की, एखाद्या उत्खननात हंसाचे सच्छिद्र, अपूर्ण टोकांचे हाड मिळाले, तर तो पक्षी मेला तेव्हा काही आठवड्यांचाच होता, असे सांगता येते. अशी कोवळी हाडे मातीत लवकर कुजतात. म्हणून ती न सापडणे हा पुरावा नव्हे, परंतु ती सापडणे हा पुरावा आहे.

४

नर-मादीचा प्रश्न अधिक अवघड आहे. हंसाच्या बहुतेक जातींत नर व मादी यांची पिसे सारखीच असतात. भेद आकाराचा असतो. नर सरासरीने मोठा व जड असतो आणि हा फरक वाढीच्या काळातच दिसू लागतो. त्याची हाडेही सरासरीने लांब व जाड असतात. परंतु 'सरासरीने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मोठ्या मादीचे हाड आणि लहान नराचे हाड यांची मापे एकमेकांत मिसळतात. शिवाय 'आन्सेर' कुलातील निरनिराळ्या रानटी जातींची मापेही परस्परांत मिसळणारी आहेत. त्यामुळे एखाद्या स्थळी दोन आकारांची हाडे मिळाली, तर तो दोन जातींचा भेद आहे, लिंगभेद आहे की रानटी व पाळीव असा भेद आहे, हे केवळ मोजपट्टीने ठरत नाही.

मादीच्या हाडाने मात्र एक खूण राखली आहे. अंडी घालण्याच्या काळात मादीच्या मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या मज्जापोकळीत एक तात्पुरते, जाळीदार हाड तयार होते. अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना त्यात साठविला जातो आणि अंडी घालून झाल्यावर ते विरून जाते. नराच्या हाडात ते स्वाभाविकपणे होत नाही. ज्या हाडात ही जाळी आढळेल, ते मादीचे आणि तेही अंडी घालण्याच्या ऋतूत मेलेल्या मादीचे, असे ठामपणे म्हणता येते. ही जाळी नसलेले हाड नराचे असेलच, असे मात्र म्हणता येत नाही. अलीकडे जुन्या हाडांतून आनुवंशिक द्रव्य काढून लिंग ठरविण्याची रीत रूढ होत आहे. पक्ष्यांत दोन भिन्न लिंगसूत्रे मादीत असतात, त्यामुळे ती ओळखता येते.

५

या ज्ञानाचा इतिहासाला उपयोग कसा होतो, याचे उत्तम उदाहरण चीनमधील आहे. ही चिनी हंसाची जात वेगळी आहे आणि तिचा इंडो-युरोपीय शब्दाशी काही संबंध नाही. येथे प्रश्न पद्धतीचा आहे. झेज्यांग प्रांतातील त्यानलोशान हे स्थळ हेमुदू संस्कृतीचे, सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे, भातशेती करणाऱ्यांच्या वस्तीचे आहे. तेथील पाणथळ मातीमुळे हाडे चांगली टिकली. मासाकी एदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील हंसकुलातील २३२ हाडांचा अभ्यास करून आपले निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यांपैकी चार हाडे अपुऱ्या वाढीची होती. ती १६ आठवड्यांहून लहान पक्ष्यांची असून सर्वांत कोवळे हाड बहुधा आठ आठवड्यांहूनही कमी वयाच्या पिलाचे होते. रानटी हंस त्या प्रदेशात आज अंडी घालीत नाहीत आणि त्या काळीही घालीत असण्याचा संभव नाही. ते उत्तरेकडे जन्मतात व हिवाळ्यात खाली येतात. ज्या पिलाला उडताच येत नाही, ते शेकडो कोस उडून कसे येणार? ते तेथेच जन्मले, म्हणजे माणसाच्या आश्रयाने जन्मले, हाच निष्कर्ष उरतो. काही प्रौढ हाडांच्या रासायनिक घटनेवरूनही ते पक्षी त्याच ठिकाणचे पाणी पिऊन वाढले, असे दिसून आले. या स्थानिक पक्ष्यांच्या हाडांची मापेही बरीच सारखी होती. हाडांचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने प्रत्यक्ष त्या हाडांवरूनच ठरविण्यात आले.

मापांच्या सारखेपणाविषयी, वर सांगितलेल्या लिंगभेदाच्या अडचणीमुळे, थोडे जपूनच बोलावे लागते. परंतु कोवळ्या हाडांचा युक्तिवाद बळकट आहे. हे निष्कर्ष टिकले, तर माणसाने पाळलेला सर्वांत जुना ज्ञात पक्षी कोंबडी नसून हंस होय, असे मानावे लागेल. कारण थायलंडमधील बान नोन वाट येथील पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना निश्चित पुरावा, २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनानुसार, इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील आहे.

येथे 'मानसौकस्' या शब्दाची आठवण व्हावी. त्यानलोशानचा सारा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे : हंसाचे घर दुसरीकडे आहे. ही गोष्ट अमरसिंहाच्या परंपरेने एका शब्दात सांगितली होती. मात्र घर सोडून हंस माणसाच्या घरी केव्हा नांदू लागला, हे त्या शब्दाला सांगता आले नसते. ते एका अर्धवट वाढलेल्या हाडाने सांगितले.

६

मग शब्दाजवळ पशुपालनाची काहीच साक्ष नाही काय? प्रस्तुत लेखकास वाटते की ती मूळ धातूत नसून व्याकरणातील लिंगात शोधावी. मराठीत दूध वा अंडी यांसाठी पाळलेल्या प्राण्यांची सामान्य नावे पाहा : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. ही सर्व स्त्रीलिंगी आहेत. आपण 'शेळ्या राखतो', 'कोंबड्या पाळतो'. बोकड व कोंबडा यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. उलट ज्यांचा उपयोग ओढण्यासाठी, स्वारीसाठी वा राखणीसाठी, त्यांची नावे घोडा, कुत्रा अशी पुल्लिंगी आहेत. कळपात ज्याची संख्या व किंमत अधिक, त्याचे लिंग नावाला चिकटते. पाळीव हंसांच्या थव्यातही एका नरामागे तीन-चार माद्या ठेवण्याचा प्रघात आहे.

या दृष्टीने पाहता जर्मन गान्स, प्राचीन इंग्रजी गोस, लिथुआनियन झांसिस आणि प्राचीन स्लाव्ह गोंसि हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, ही गोष्ट लक्षणीय ठरते. इंग्रजीत नरासाठी 'गँडर' हे वेगळे रूप आहे. संस्कृतात मात्र सामान्य नाव 'हंस' हे पुल्लिंगी असून मादीसाठी 'हंसी' हा साधित शब्द आहे आणि अमरकोशाने 'वरटा' हा स्वतंत्र शब्दही दिला आहे. ज्या समाजात हा पक्षी प्रामुख्याने आकाशात, सरोवरावर आणि काव्यात राहिला, तेथे त्याचे नाव पुल्लिंगी राहिले, असे म्हणण्याचा मोह होतो. मराठीने 'हंस' व 'राजहंस' हे शब्द तसेच घेतले. आज शेतकरी पाळीव हंसाला राजहंस म्हणतो, तेव्हाही ते लिंग बदललेले नाही.

परंतु येथेच थांबले पाहिजे. लॅटिन आन्सेर हा शब्द सामान्यतः पुल्लिंगी आहे आणि रोमन लोक तर हंसपालनात निष्णात होते. व्हारो व कॉल्युमेला यांच्या कृषिग्रंथांत हंसांच्या पालनाचे सविस्तर वर्णन आहे. ग्रीक खेन दोन्ही लिंगांत चालतो, आणि ओडिसीत पिनेलपीच्या घरी गहू खाणारे २० हंस आहेत. म्हणजे लिंगाची साक्ष ही सूचना आहे, सिद्धान्त नव्हे. भारतापुरते बोलावयाचे, तर येथेही पुढे हंस पाळले गेले. एडवर्ड ब्लाइद व कॅप्टन हटन यांच्या सांगण्यावरून डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले की, युरोपीय व चिनी या दोन जातींच्या संकरातून झालेल्या हंसांचे थवेच्या थवे भारतात अनेक ठिकाणी पाळले जातात. दोन भिन्न रानटी पूर्वजांची ही संतती आपण एकाच जुन्या शब्दाने ओळखतो. शब्दाला हा भेद ठाऊक नाही, हाडाला व आनुवंशिक द्रव्याला तो ठाऊक आहे.

७

सारांश, मूळ इंडो-युरोपीय लोकांना हंस परिचित होता, एवढेच शब्दावरून सिद्ध होते. ते तो पाळीत होते, हे सिद्ध होत नाही. पाळण्याचा पुरावा हवा असेल, तर तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : पक्षी कोणत्या वयात मेला, तो नर होता की मादी, आणि तो कोठे वाढला. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हाडाच्या वाढीत लिहिलेली असतात. युरोपात वा मध्य आशियात त्या काळच्या थरांतून, रानटी हंसांच्या प्रजननक्षेत्राबाहेर, पिलांची कोवळी हाडे किंवा अंडी घालणाऱ्या मादीची जाळीदार हाडे सापडली, तर जुन्या पंडितांचे विधान पुन्हा विचारात घेता येईल. तोपर्यंत ते अनुमानाच्या कोटीतच ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

भाषाशास्त्राने हाडांकडून उपमा घेतली, त्याला आता दीड शतकाहून अधिक काळ लोटला. उपमेबरोबर हाडांची शिस्तही घ्यावयास हवी होती. हाड आपल्या वाढीपलीकडचे काही सांगत नाही. शब्दालाही त्याच्या वाढीपलीकडचे काही विचारू नये.