दिनविशेष १७ सप्टेंबर : मराठवाड्याचे तेरा महिने

मराठवाड्यात राष्ट्रध्वज १७ सप्टेंबरलाही समारंभपूर्वक फडकतो. छत्रपती संभाजीनगर येथील सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि विभागाच्या आठही जिल्ह्यांत शासकीय कार्यक्रम होतात. पुण्या-मुंबईकडील अनेकांना मात्र ही तारीख आजही वेगळी सांगावी लागते. याचे कारण १९४७ च्या ऑगस्टमध्ये दडले आहे. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे तत्कालीन पाच जिल्हे स्वतंत्र भारतात नव्हते. ते भारतात येण्यास आणखी ३९९ दिवस लागले.

हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे हे संस्थान मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांच्या मुलखावर पसरलेले होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. औरंगाबाद ही तर आसफजाही राजवटीची पहिली राजधानी. १७६३ मध्ये ती हैदराबादला हलली आणि हे शहर दूरच्या सुभ्याचे ठिकाण होऊन बसले. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. सभा भरवायची तर परवानगी हवी, वृत्तपत्र काढायचे तर परवानगी हवी, अशी स्थिती होती. त्यामुळे येथील राजकीय जागृती प्रथम ग्रंथालये, खासगी शाळा आणि साहित्य संमेलने यांच्या आडोशाने वाढली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच तिच्यावर बंदी आली. स्थापनेपूर्वीच बेकायदा ठरलेली राजकीय संघटना, असे हे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

१९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजमधील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. अधिकाऱ्यांनी तो मोडून काढण्याचा प्रयत्न करताच चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. मुक्तिसंग्रामातील तरुण कार्यकर्त्यांची एक पिढी याच विद्यार्थ्यांतून उभी राहिली.

या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर शिक्षक म्हणून मराठवाड्यात आले. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांची कर्मभूमी. संन्यास घेतल्यावरही त्यांनी राजकारण सोडले नाही, हे त्यांचे वेगळेपण. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ यांच्याभोवती डाव्या विचारांचे कार्यकर्ते जमले. १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात वा पाकिस्तानात सामील न होता स्वतंत्र राहण्याचा निर्णय घेतला. त्याविरोधात स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला दिल्लीत उत्सव चालू असताना स्वामीजींना अटक झाली.

पुढील तेरा महिने मराठवाड्यासाठी अत्यंत कठीण गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, परंतु लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने खेडोपाडी दहशत माजवली. गावे लुटली गेली, जाळली गेली. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, नगर, वऱ्हाडाकडे गेली. मनमाड, सोलापूर, उमरखेड अशा सीमेवरील ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. तेथून करोडगिरी नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले होऊ लागले. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी वळवण्यात आला. रझाकारांना विरोध करणारे सगळेच हिंदू नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएब उल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. लष्करी दप्तरात मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’, लोकांच्या तोंडी मात्र ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या कारवाईला पोलिसी म्हणण्यामागे, हा देशाचा अंतर्गत प्रश्न आहे हे जगाला दाखवण्याचा हेतू होता. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आला. औरंगाबादच्या दिशेने वेगळी फौज निघाली होती. मोहीम संपण्याच्या कितीतरी आधीच शहराच्या मुलकी प्रशासनाने शरणागती पत्करली. म्हणजे या शहरापुरते पाहिले तर मुक्ती १७ तारखेच्या आधीच आली होती. दिनविशेषाची तारीख ठरली ती हैदराबादच्या घोषणेवरून. १७ सप्टेंबर रोजी पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सायंकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सेनापती अल इद्रूस यांची जनरल चौधुरींपुढील औपचारिक शरणागती मात्र दुसऱ्या दिवशीची, १८ सप्टेंबरची.

निजामाची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडेही गेली होती. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने ती ऐकण्यास घेतली. पुढची बैठक होईपर्यंत प्रश्नच उरला नव्हता. योगायोग असा की, त्याच १७ सप्टेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांचे पॅलेस्टाइनमधील मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली.

या विजयाला एक काळी किनारही आहे. कारवाईदरम्यान आणि तिच्यानंतर संस्थानाच्या काही भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या पथकाने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांचा समावेश होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि हे हत्याकांड एकाच कालखंडातील आहेत. त्यांतील एक सांगून दुसरे गाळले तर इतिहास अपुरा राहतो.

विलीनीकरणानंतर चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले, तर निजाम २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख. ज्याच्याविरुद्ध लढा दिला तोच घटनात्मक प्रमुख झालेला पाहणे अनेक स्वातंत्र्यसैनिकांना रुचले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. विकासाच्या अनुशेषाचा प्रश्न तेव्हापासून सप्टेंबरच्या भाषणांत हमखास येतो. गोविंदभाई श्रॉफ यांनी तर उत्तरायुष्य त्याच प्रश्नाला वाहिले.

जुन्या संस्थानाच्या तिन्ही तुकड्यांत या दिवसाचे नाव मात्र एक नाही. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. कर्नाटकात २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’. तेलंगणात राज्य सरकारने २०२२ मध्ये तो ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून पाळला आणि २०२४ मध्ये ‘प्रजापालन दिन’ म्हणून. केंद्राने मार्च २०२४ मध्ये अधिसूचना काढून ‘हैदराबाद मुक्ती दिन’ हे नाव दिले. मुक्ती म्हणायचे की एकात्मता, हा वाद अजून मिटलेला नाही.

इतर क्षेत्रांतही ही तारीख रिकामी नाही. ‘प्रबोधन’कार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे झाला. हुंडा, जातिभेद आणि पुरोहितशाहीवर त्यांनी चालवलेली लेखणी आजही झोंबते. उतारवयात ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अग्रभागी होते. जातिव्यवस्थेवर तितक्याच कठोरपणे प्रहार करणारे तमिळ नेते पेरियार ई. व्ही. रामसामी यांचाही जन्म याच दिवशीचा, १८७९ चा. चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले. सिनेमाची फलके रंगवत मुंबईत उभा राहिलेला हा कलावंत २००६ मध्ये देश सोडून गेला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये निवर्तला. ‘अमर चित्र कथा’चे जनक अनंत पै (१९२९), पंतप्रधान नरेंद्र मोदी (१९५०) आणि फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विन (१९८६) यांचे जन्मही याच तारखेचे.

जगाच्या इतिहासात १७८७ मध्ये याच दिवशी फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेवर ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या, तर १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिड येथे समझोता झाला.

२००२ मध्ये याच दिवशी कवी वसंत बापट यांचे निधन झाले. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून गावोगाव फिरलेले आणि ‘साधना’चे संपादकपद सांभाळलेले बापट १९९९ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.