छायाप्रकाशातले रोजचे अन्न

ताटातील पदार्थ पाहताक्षणी ओळखू यावा, ही खाद्यछायाचित्रणाची नेहमीची अपेक्षा. अमूर्त छायाचित्रण ती बाजूला ठेवते. तेथे पदार्थाचे नाव गौण ठरते. रेषा, पोत आणि सावली हाच चित्राचा विषय होतो.

या प्रकाराचा पाया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला. पॉल स्ट्रँड या अमेरिकी छायाचित्रकाराने १९१६ मध्ये घरातील साध्या वाडग्यांतून अमूर्त रचना साधल्या. आंद्रे केर्तेझ यांनी १९२८ मध्ये बशीच्या काठावर टेकलेला काटा व त्याची सावली टिपली. एडवर्ड वेस्टन यांची ‘ढोबळी मिरची क्रमांक ३०’ ही १९३० ची. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवल्याने तिच्या वळणांवर प्रकाश सर्व बाजूंनी परावर्तित झाला. भिंगाचे छिद्र अत्यंत लहान ठेवल्याने एका चित्रासाठी काही मिनिटे थांबावे लागले.

भारतात नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांनी छायाप्रकाशाची अशीच अमूर्त छायाचित्रे घेतली. त्यांचे विषय मात्र अन्नाचे नव्हते. वास्तू, रस्ते, किनारे हे होते. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत प्रदर्शित केली नाहीत.

या कलेला महागडी सामग्री लागत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ओळखल्या जाणाऱ्या, पनवेलजवळच्या चिरनेरसारख्या गावातील स्वयंपाकघरही त्यासाठी पुरेसे आहे. सकाळचे तिरपे ऊन तांदळाच्या भाकरीवर पडले की प्रत्येक भेग व फुगवटा उठून दिसतो; तेच ऊन डोक्यावर आले की भाकरी सपाट भासते. वालाची कोवळी शेंग उजेडासमोर धरल्यास आतील दाण्यांच्या आकृती उमटतात. थंडीत रायगड जिल्ह्यात लावल्या जाणाऱ्या पोपटीचे मडके उघडताना निघणारी वाफ मागून येणाऱ्या प्रकाशातच स्पष्ट दिसते. पार्श्वभूमी काळोखी हवी आणि सावली दाट हवी असल्यास समोरून उजेड टाकू नये.

जाहिरातीसाठी सजवलेला पदार्थ पुष्कळदा खाण्याजोगा राहत नाही. येथे अन्नाला काहीच लावावे लागत नाही. वेस्टन आपल्या मिरच्या पुढे जेवणात वापरत. पानातले वाया न घालवण्याचा संस्कार असलेल्या घरांना ही रीत परकी वाटणार नाही: छायाचित्र घेऊन झाले की भाकरी ताटात वाढता येते.